बापाने विकलेला मुलगा: ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ पडद्यावर येण्याआधीची गोष्ट

ऑक्टोबर २००९ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ हा कौटुंबिक अ‍ॅनिमेशनपट जपान आणि अमेरिकेत प्रदर्शित झाला. हाँगकाँगच्या इमागी स्टुडिओने तो संगणकावर घडवला होता. दिग्दर्शक होते डेव्हिड बावर्स, आवाज फ्रेडी हायमोर आणि निकोलस केजसारख्या नटांचे. पण त्यातला छोटा यंत्रमानव, मूळ जपानी नाव आतोमु, तोवर अर्धशतकाहून अधिक जुना झाला होता. त्याची मूळ कथा ठाऊक असेल, तरच चित्रपटाने काय सांभाळलं आणि काय गाळलं ते नीट दिसतं.

एप्रिल १९५१ मध्ये ‘शोनेन’ या मुलांच्या मासिकात ‘आतोमु ताइशी’, म्हणजे ‘राजदूत आतोमु’, ही चित्रकथा सुरू झाली. जपान तेव्हा अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता आणि हिरोशिमा-नागासाकीला सहा वर्षंही झाली नव्हती. चित्रकार ओसामु तेझुका बावीस वर्षांचे होते आणि ओसाकात वैद्यकीचं शिक्षण घेत होते. एका अमेरिकी सैनिकाने आपल्याला काहीतरी विचारलं, भाषा न कळल्याने उत्तर देता आलं नाही, तेव्हा त्याने मारलं, अशी आठवण ते पुढे सांगत. दोन बाजूंना एकमेकांचं म्हणणं कळत नाही आणि मधल्यामध्ये माणूस भरडला जातो, हे दुखणं त्यांच्या कथांमध्ये कायम राहिलं. ‘आतोमु ताइशी’त पृथ्वीवरची माणसं आणि अवकाशातून आलेली हुबेहूब त्यांच्यासारखीच माणसं यांच्यात तंटा होतो, आणि तो मिटवायला जातो एक यंत्रमानव पोरगा.

सुरुवातीला तो दुय्यम पात्र होता. वाचक मुलांना मात्र त्याचाच लळा लागला, म्हणून एप्रिल १९५२ पासून मालिका त्याच्या नावाने चालू झाली: ‘तेत्सुवान आतोमु’, पोलादी बाहूंचा अणू. ती त्या मासिकात १९६८ पर्यंत चालली. अणूने शहरं बेचिराख केलेल्या देशात मुलांच्या लाडक्या नायकाचं नाव अणू, त्याच्या पोटात अणुशक्ती, पुढे आलेल्या बहिणीचं नाव उरान, म्हणजे युरेनियमवरून. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. त्या पिढीला ज्या शक्तीने होरपळवलं, तीच शक्ती एका निरागस पोराच्या हाती देऊन तेझुका विचारत होते, की ही वापरणार कोण आणि कशासाठी.

पण या कथेचा खरा गाभा मला नेहमी बाप वाटत आला आहे. डॉ. तेन्मा हे विज्ञान मंत्रालयाचे प्रमुख. त्यांचा एकुलता मुलगा टोबिओ गाडीच्या अपघातात जातो. दुःखाने वेडापिसा झालेला बाप आपली सगळी विद्या आणि सरकारी यंत्रणा पणाला लावून त्याच्यासारखाच यंत्रमानव बनवतो. काही काळ सगळं सुरळीत चालतं. मग बापाच्या ध्यानात येतं, की हा वाढत नाही. पोटचा पोर वर्षावर्षाला उंच झाला असता, याची उंची तसूभरही बदलत नाही. तेन्मा चिडतो, त्याला झिडकारतो आणि शेवटी सर्कसवाल्याला विकून टाकतो. मुलांच्या मासिकातली ही गोष्ट. पोराचा गुन्हा एवढाच, की तो मेलेला मुलगा होऊ शकला नाही. पुढे डॉ. ओचानोमिझु हे मोठ्या नाकाचे, मायाळू शास्त्रज्ञ त्याला सर्कशीतून सोडवतात.

१ जानेवारी १९६३ रोजी आतोमु फुजी टीव्हीवर आला. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग देणारी अ‍ॅनिमेशन मालिका जपानमध्ये चालवता येते, हे याच मालिकेने सिद्ध केलं. तेझुकांनी त्यासाठी ‘मुशी प्रॉडक्शन’ हा स्वतःचा स्टुडिओ काढला होता. आठवड्याला एक भाग म्हणजे जीवघेणी घाई. सेकंदाला चोवीस फ्रेम लागतात. तेवढी चित्रं काढायला ना माणसं होती ना पैसा. म्हणून एकच चित्र तीन फ्रेमना वापरायचं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रांत भागतं. चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे. आतोमु आकाशात झेपावतो ते चित्र जपून ठेवायचं आणि पुढच्या भागात पुन्हा वापरायचं. जपानी अ‍ॅनिमेशनची म्हणून जी लकब आज जगभर ओळखली जाते, तिचा बराचसा भाग या ओढाताणीतून घडला. वाहिनीला भाग विकले ते खर्चाहून कमी किमतीत. तूट भरून काढायची ती चित्र छापलेल्या वस्तूंवरून आणि परदेशी विक्रीवरून. ते गणित फार काळ जमलं नाही आणि १९७३ मध्ये मुशी प्रॉडक्शन दिवाळखोरीत गेलं.

सुरू झाली त्याच वर्षी, म्हणजे १९६३ मध्येच, मालिका इंग्रजीत अमेरिकेला पोहोचली आणि आतोमुचा ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ झाला. नावातला अणू तिथेच गळाला. ओचानोमिझुंचे झाले डॉ. एलेफन, त्यांच्या नाकावरून. पुढे १९८० मध्ये रंगीत मालिका आली, २००३ मध्ये आणखी एक. ७ एप्रिल २००३ ही कथेतली आतोमुची जन्मतारीख. ती खरोखर उजाडली तेव्हा सैतामा प्रांतातल्या निइझा शहराने त्याची रहिवासी म्हणून नोंद केली. कथेतलं विज्ञान मंत्रालय तोक्योच्या ताकादानोबाबा भागात आहे, म्हणून तिथल्या रेल्वे स्थानकात गाडी सुटताना त्याच्या गाण्याची धून वाजू लागली. त्या गाण्याचे शब्द शुन्तारो तानिकावा या मोठ्या कवीचे.

मोठ्या पडद्यासाठी सोनी पिक्चर्सने १९९७ मध्येच हक्क घेतले होते. पण दिग्दर्शक बदलत राहिले, चित्रपट काही झाला नाही. शेवटी काम इमागीकडे आलं.

आता एक बारीकशी गोष्ट. आतोमुच्या डोक्यावर केसांची दोन शिंगं आहेत. तेझुकांच्या चित्रात त्याला समोरून बघा, बाजूने बघा की तो मान वळवो, ही दोन्ही शिंगं कायम दिसतात. खऱ्या डोक्यावर हे शक्य नाही. एक दुसऱ्याआड जाणारच. कागदावर पेन्सिलीला ती मुभा असते. संगणकातली आकृती मात्र भरीव असते, ती वळवली की शिंग झाकलं जातं. आतोमु म्हटलं की डोळ्यांसमोर येणारी ती छायाकृती तिथे आपोआप मिळत नाही. बाकी फरक ठरवून केलेले होते. मूळचा आतोमु लहानसा, उघड्या अंगाचा, काळी चड्डी आणि लाल बूट घातलेला. चित्रपटातला मुलगा (इथे टोबिओचा टोबी झाला आहे) तेरा वर्षांचा आणि बहुतेक वेळ अंगभर कपड्यांत.

कथेतले बदल अधिक खोलवर गेले. मुलगा इथे गाडीखाली जात नाही, बापाच्याच मंत्रालयातल्या युद्धयंत्राच्या प्रात्यक्षिकात जातो. हे मला धाडसाचं वाटतं: मुलांच्या चित्रपटात सुरुवातीलाच मूल मरतं, आणि त्यात बापाच्या हातांचाही वाटा असतो. तेन्मा यंत्रमुलाला नाकारतो, तेही ठेवलं आहे. पण विकणं नाही. आतोमु हवेत तरंगणाऱ्या शहरातून खाली कोसळतो आणि मग यंत्रमानवांच्या झुंजीच्या रिंगणात जाऊन पोहोचतो. अणूच्या जागी ‘निळा गाभा’ आणि ‘लाल गाभा’ आले, एक सज्जन ऊर्जा, एक दुष्ट. इथे माझी हळहळ आहे. तेझुकांची शक्ती एकच होती. चांगलं-वाईट तिच्यात नव्हतं, वापरणाऱ्यात होतं. रंग वाटून दिले, की प्रश्नच उरत नाही.

सुमारे साडेसहा कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात तेवढेही परत आणले नाहीत. २०१० च्या सुरुवातीला इमागीने अ‍ॅनिमेशनचं काम बंद केलं. एकाच पोराच्या पायी दोन स्टुडिओ गेले असं म्हणणं अन्यायाचं होईल. दोन्हीकडे पैशाची तंगी त्याच्याही पलीकडची होती.

चित्रपटातला तेन्मा शेवटी त्याला मुलगा म्हणून जवळ करतो. कुटुंबासह थेटरात आलेल्या प्रेक्षकाला तेवढं देणं भाग असावं. तेझुकांनी मात्र वेगळी वाट काढली होती. ओचानोमिझु आतोमुसाठी यंत्रमानव आईवडील बनवतात. ते जन्माने मुलाहून धाकटे. आतोमु त्यांच्याबरोबर साध्याशा घरात राहतो, आणि सकाळी दप्तर घेऊन इतर पोरांसारखा शाळेत जातो.