प्रोसेसर धावायला तयार होता

कॉम्प्युटर नेहमीपेक्षा वेगात पळवायला, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करायला गेलं आणि पडदा काळा झाला, की पहिला आळ येतो तो प्रोसेसरवर. ‘त्याची कुवतच तेवढी,’ असं म्हणत माणूस बायोसमधले, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधले आकडे गुपचूप परत जागेवर ठेवतो. २००७ साली मीही तेच केलं. माझ्याकडे इंटेलचा कोअर टू ड्युओ ई६३०० होता. कारखान्यातून यायचा १.८६ गिगाहर्ट्झचा, पण २.८ पर्यंत सहज जातो अशी त्याची ख्याती. माझा २.२४ वरच आडवा झाला. व्होल्टेज वाढवून पाहिलं, तर पंखा तेवढा जोरात घोंघावू लागला. पडदा काळा तो काळाच.

पुढचे तीन आठवडे या कोड्यात गेले, आणि त्यात प्रोसेसरचा संबंध फार थोडा निघाला.

मुळात १.८६ हा आकडा प्रोसेसरच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. मदरबोर्डवर स्फटिकाच्या कंपनांवर चालणारं घड्याळ असतं. त्यातून ई६३०० ला मूळ ठोका मिळायचा तो २६६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २६ कोटी ६० लाखांहून थोडे जास्त ठोके. प्रोसेसर आपल्या पोटात त्याची सातपट करायचा. (खोक्यावर १०६६ छापलेलं असे, कारण एका ठोक्यात चारदा माहिती पाठवली जाई. जाहिरातवाल्यांना अर्थातच चौपट आकडा आवडला.) तबल्याच्या एकलवादनात लेहरा एका लयीत फिरत राहतो आणि तबलावादक त्यावर दुगुन, चौगुन करतो, तसाच हा प्रकार, फक्त इथे थेट सातपट.

गोम अशी, की या सातच्या गुणकाला वरच्या बाजूने कुलूप होतं. सहावर उतरता येई, आठवर चढता येत नसे. मग वेग वाढवायचा तर लेहराच द्रुत करायचा. आणि लेहरा द्रुत झाला की मैफलीतले बाकीचेही त्याच्याबरोबर ओढले जातात. जुन्या बोर्डांवर तर हार्ड डिस्कपर्यंत सगळेच ओढले जात. १९९८ चा सेलेरॉन ३००ए प्रसिद्ध झाला तो ६६ चा ठोका १०० वर नेला की ३०० चा ४५० मेगाहर्ट्झ होतो म्हणून. १०० हा बोर्डाच्या ओळखीचा ठोका होता, त्यामुळे पीसीआय बससाठी, म्हणजे डिस्कची ये-जा जिच्यावरून चाले त्या वाटेसाठी, त्याचे तीन भाग करून बोर्ड तिला नेहमीच्या ३३ वर ठेवी. पण मधल्याच ८३ वर थांबलात, तर दोनच भाग होत, पीसीआय ४१ च्या वर जाई आणि डिस्कवरच्या फायली बिघडायची भीती असे. वेग कमी वाढवूनही धोका जास्त, असा उफराटा कारभार! माझ्या बोर्डाने पीसीआयला स्वतंत्र ठोका देऊन ती भानगड मिटवली होती. रॅमची मात्र मिटवली नव्हती.

बायोसमध्ये रॅमचा ठोका मूळ ठोक्याच्या प्रमाणात ठरतो. माझ्या पट्ट्या डीडीआर२-६६७ च्या, म्हणजे ३३३ मेगाहर्ट्झच्या. तिथे दर ठोक्याला दोनदा माहिती जाते, म्हणून ६६७. मूळ ठोका २६६ असताना बोर्डाने आपणहून ४:५ हे प्रमाण लावलं होतं: २६६ ची सव्वापट ३३३, हिशोब चोख. मी मूळ ठोका ३२० केला. ३२० सत्ते २२४०, प्रोसेसरला त्याचं काहीच वाटलं नसावं. पण ३२० ची सव्वापट होते ४००. मी प्रोसेसरला चिमटा काढत होतो आणि ओरडत होती रॅम.

रॅमला घाई का सोसत नाही, हे तिच्या रचनेतच आहे. डीरॅममधला (कॉम्प्युटरची रॅम याच जातीची) प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. तो वाचायचा म्हणजे त्यातला चिमूटभर विद्युतभार एका लांब तारेवर सोडायचा, त्याने तारेच्या व्होल्टेजमध्ये जो किंचित फरक पडतो तो टिपायचा, वाढवायचा, मग बाहेर पाठवायचा. याला काही नॅनोसेकंद लागतातच. बायोसमधले रॅमचे टायमिंग मात्र नॅनोसेकंदांत नसतात, ठोक्यांत असतात. माझ्या पट्ट्यांना पाच ठोके हवे होते. ३३३ मेगाहर्ट्झवर एक ठोका ३ नॅनोसेकंदांचा, म्हणजे १५ नॅनोसेकंदांची मुदत. ४०० वर ठोका अडीचवर आला, मुदत साडेबारा. पाचाचा आकडा तसाच दिसत राहतो आणि त्याच्या आतला वेळ गुपचूप कापला जातो. बायोसच्या निळ्या पडद्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं, याचा मला अजून राग आहे.

प्रमाण १:१ केलं. रॅम ३२० वर आली, नेमून दिलेल्या वेगापेक्षाही खाली, आणि मशीन मुकाट सुरू झालं.

तिथून ३३३, मग ३५०, मग ३६०. प्रोसेसर २.५२ वर पोचला. आता रॅम दुपटीच्या हिशोबाने ७२० वर, म्हणजे ६६७ च्या पुढे, पुन्हा थोडी ताणलेली. विंडोज चालू होतं, गाणी वाजत होती; पण ‘चालतंय’ आणि ‘बरोबर चालतंय’ यात मोठं अंतर असतं. ते मोजायला प्राइम९५ वापरतात. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली मर्सेन मूळसंख्या (दोनच्या घातातून एक वजा करून येणाऱ्या) शोधण्यासाठी हा प्रोग्रॅम लोकांच्या हाती दिला. कॉम्प्युटरची परीक्षा घेणं हा त्याचा जोडधंदा. प्रचंड मोठ्या संख्यांचे गुणाकार तो दशांश अपूर्णांकांच्या वाटेने करतो, आणि शेवटी उत्तरं पूर्णांकांच्या अगदी जवळ यायला हवीत. ती दोन पूर्णांकांच्या बरोबर मध्ये लटकली, तर कुठेतरी बेरीज चुकली. तेव्हा पडद्यावर येतं: राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं. मशीन बंद पडलेलं नाही, गरम झालेलं नाही, फक्त खोटं बोललंय.

या प्रोग्रॅमची एक परीक्षा लहान आकड्यांची असते. सगळं गणित प्रोसेसरच्या कॅशमध्येच, म्हणजे त्याच्या पोटातल्या छोट्या मेमरीतच मावतं, रॅमला फारसा हात लागत नाही. ती माझ्याकडे रात्रभर चालली. दुसरी, रॅमभर पसरणारी, चाळीस मिनिटांत कोसळली. गुन्हेगार ओळखायला एवढं पुरेसं होतं, तरी खात्रीसाठी रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ लावलं आणि चुकांच्या लाल ओळी मोजत बसलो. एका मित्राकडून डीडीआर२-८०० च्या पट्ट्या उसन्या आणल्या. ओळी गेल्या.

खरी मजा ३९० वर आली. पुन्हा काळा पडदा. आता रॅम ७८० वर, तिच्या ८०० च्या हद्दीत. मग प्रोसेसर? गुणक सातवरून सहावर उतरवला: ३९० सक २३४०. याहून जास्त वेगाने तो रात्रभर चुकीशिवाय चालला होता. तरीही मशीन उठेना. रॅम सुटली, प्रोसेसर सुटला. उरली त्या दोघांच्या मध्ये बसलेली, त्यांची ये-जा सांभाळणारी नॉर्थब्रिज नावाची चिप आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा. नीट पाहिलं तर त्या रेषांतल्या काही मुद्दाम नागमोडी असतात. तांब्यावरून संदेश नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर जातो, आणि रॅमच्या रेषेवर एका बिटाला सव्वा नॅनोसेकंद मिळतो. आखूड वाटेचा बिट आधी पोचून घोटाळा होऊ नये, म्हणून त्याला वळणं घालून उशीर करायला लावतात. ठोका वाढत गेला, की ही सवलतही आटत जाते.

नॉर्थब्रिजचं व्होल्टेज एक पायरी वाढवलं, तिच्यावर एक छोटा पंखा टेकवला. ३९० नाहीच. ३९५ नाही. वैतागून ४०१ टाकलं, आणि मशीन सुरू झालं.

हा चमत्कार नव्हता. त्या काळच्या पी९६५ चिपसेटच्या (नॉर्थब्रिज ज्यात येते त्या चिपसंचाच्या) बऱ्याच बोर्डांवर ४०० ओलांडलं की नॉर्थब्रिज आपल्या आतल्या कामाला जास्त ठोक्यांची मुदत घेई. ओव्हरक्लॉकिंगवाले याला स्ट्रॅप बदलणं म्हणत. ३९० वर तिला अपुरा वेळ मिळत होता, ४०१ वर पुरेसा. मधला पट्टा म्हणजे खड्डा. पलीकडे रस्ता पुन्हा चांगला.

४०१ सत्ते २८०७. यासाठी व्होल्टेज १.३ वरून १.४ केलं होतं. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दीडपट, व्होल्टेजच्या वर्गाने आणखी सोळा टक्के. म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट उष्णता. आणि नॉर्थब्रिजने जास्त मुदत घेतल्यामुळे, रॅममधून माहिती यायचा वेळ ३६० वर होता त्यापेक्षा किंचित वाढलाच.

आता नॉर्थब्रिज प्रोसेसरच्या पोटात गेली आहे, पण भांडण तेच आहे. २०११ च्या सँडी ब्रिजपासून इंटेलचा १०० चा मूळ ठोका इतक्या गोष्टींना बांधला गेला, की तो चार-पाच टक्क्यांपलीकडे हलेना. गुणक सोडवायला ‘के’ अक्षराचा प्रोसेसर आणि त्याला साजेसा चिपसेट घ्यावा लागे. २०१९ च्या रायझन ३००० मध्ये रॅम ३६०० च्या थोडी पुढे गेली, की प्रोसेसरचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या आतल्या फॅब्रिकशी असलेलं १:१ चं नातं तुटून २:१ होतं, आणि महागडी वेगवान रॅम घालूनही वाट बघण्याचा वेळ वाढतो.

दोन महिन्यांनी मित्राने पट्ट्या परत मागितल्या. माझ्या जुन्या बसवल्या, मूळ ठोका ३४० वर आणला. प्रोसेसर २.३८ वर आला, आणि पुढची चार वर्षं तिथेच राहिला.