व्हायरलच्या औषधांनी हार्टबीट बिघडले तर पीव्हीपीआयकडे (औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारा सरकारी कार्यक्रम) रिपोर्ट कसा करायचा: कोण करू शकतं, कुठले कागद लागतात

सगळ्यात आधी, पेशंटला आत्ता चक्कर येतेय, शुद्ध हरपतेय, छातीत जोरात धडधडतंय तर हे वाचत बसू नका, १०८ ला फोन करा नाहीतर सरळ हॉस्पिटल गाठा. फॉर्म नंतर भरता येतो.

आता मुद्दा काय तर काही औषधांनी ईसीजीमधला क्यूटी नावाचा भाग लांबतो, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जास्त वेळ घेतं, आणि तो फारच लांबला तर ठोक्यांची लय बिघडून माणूस धाडकन पडू शकतो. कोविडमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियाच्या गोळीवरून जो गोंधळ झाला तो याच कारणाने. मार्च २०२० मध्ये सरकारने ते शेड्यूल एच१ मध्ये (डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांची यादी) टाकलं, आणि मे २०२० च्या सुधारित सूचनेत आयसीएमआरने (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) ते प्रतिबंधक म्हणून घेणाऱ्यांचा कोर्स चालू असताना एकदा तरी ईसीजी काढा असं सांगितलं. पण हा विषय कोविडबरोबर संपला असं समजू नका, कारण साध्या व्हायरलमध्ये लोक अझिथ्रोमायसिन घेतात (हे अँटिबायोटिक, जे व्हायरसवर कामच करत नाही, तरी मेडिकलवाल्याकडून आणून घेतात), वर उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन, दोन्ही क्यूटी लांबवणारी. त्यात उलट्याजुलाबांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरलेलं असेल तर धोका अजून वाढतो. करेक्टेड क्यूटी (म्हणजे ठोक्यांच्या वेगाचा हिशोब धरून काढलेला क्यूटी) साधारण पुरुषात ४५० आणि बाईमाणसात ४६० मिलिसेकंदांच्या आत हवा, ५०० च्या वर गेला की डॉक्टर सहसा औषध थांबवायचा किंवा बदलायचा विचार करतात.

असा त्रास झाला तर तो नोंदवायला फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया आहे, पीव्हीपीआय, २०१० पासून चालू, आणि कारभार गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे. पात्रता वगैरे काही भानगड नाही. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट तर करूच शकतात पण पेशंट स्वतः किंवा घरचे पण करू शकतात. फी नाही. औषधामुळेच झालं हे सिद्ध करायची पण गरज नाही, संशय पुरतो.

सामान्य लोकांचा फॉर्म वेगळा आहे आणि तो मराठीत पण मिळतो, आयपीसीच्या, म्हणजे याच फार्माकोपिया कमिशनच्या वेबसाइटवर. डॉक्टरांच्या फॉर्मपेक्षा सोपा आहे. त्यात पेशंटच्या नावाची आद्याक्षरं, वय, औषध कशासाठी घेतलं, कुणी सांगितलं (यात स्वतःच्या मनाने घेतलं असा पण पर्याय आहे, तसं असेल तर लाजू नका, खरं तेच टिक करा), कधी चालू केलं कधी बंद, त्रास कधी सुरू झाला आणि किती गंभीर होता हे विचारतात. भरून जवळच्या एडीआर (औषधाचा दुष्परिणाम) मॉनिटरिंग सेंटरला द्यायचा, ही सेंटरं बहुतेक मेडिकल कॉलेजांत असतात, मुंबईत केईएमला आहे, बाकीची यादी त्याच वेबसाइटवर. नाहीतर टोल फ्री १८०० १८० ३०२४ वर फोन करा, कामाच्या दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी साडेपाच.

कागदांचं म्हणाल तर सक्ती अशी कशाची नाही, पण रिपोर्टमध्ये जीव यायला एक गोष्ट हवीच, तारीख आणि वेळ असलेला ईसीजी. औषध चालू करायच्या आधीचा आणि त्रास झाला तेव्हाचा असे दोन असतील तर उत्तमच, कारण नुसतं धडधडलं लिहिलं तर ते तापाने, घाबरल्याने कशानेही असू शकतं, दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की क्यूटी किती वाढला ते दिसतं. आणि ईसीजीचा तो कागद थर्मल असेल तर काही महिन्यांत पुसट होतो म्हणून लगेच झेरॉक्स काढा किंवा फोटो. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, गोळीच्या पाकिटाचा बॅच नंबर दिसेल असा फोटो (पाकीट फेकू नका!), पोटॅशियम मॅग्नेशियमचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, आणि त्या दिवसांत घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी. सगळ्या म्हणजे बीपीची, डिप्रेशनची, अ‍ॅसिडिटीची, काढा चूर्ण सुद्धा.

हॉस्पिटल ईसीजी द्यायला टाळाटाळ करत असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, २००२ च्या मेडिकल कौन्सिल नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं.

पुढे काय होतं? सेंटरवाले औषध आणि त्रासाचा संबंध किती पक्का ते तपासतात, मग रिपोर्ट राष्ट्रीय डेटाबेसमध्ये आणि तिथून स्वीडनच्या उप्साला सेंटरला (जगभरातले असे रिपोर्ट जिथे जमा होतात) जातो. तुमचं नाव गुप्त राहतं. भरपाई मात्र यातून मिळत नाही आणि डॉक्टरवर कारवाई पण होत नाही, त्यासाठी मेडिकल कौन्सिल किंवा ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा. पेशंट एखाद्या औषधाच्या ट्रायलमध्ये असेल तर गोष्ट अजून वेगळी, तिथे २०१९ च्या नियमांनी गंभीर त्रासाची खबर ट्रायलच्या डॉक्टरनेच २४ तासांत द्यायची असते, म्हणून सही केलेल्या संमतीपत्राची कॉपी काढा आणि त्यावर दिलेल्या नंबरवर आधी कळवा.