पार्श्वभूमी : शीतपेयांवरचा ४० टक्के कर आणि ‘एरेटेड’ हा शब्द

डेन्मार्कने ऑक्टोबर २०११मध्ये संपृक्त चरबीवर कर लावला. लोक खरेदीला जर्मनीत जाऊ लागले आणि २०१३ उजाडताच तो कर रद्द झाला. मेक्सिकोने २०१४पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो घेतला, तिथे खरेदी घटली. आपल्याकडे केरळने २०१६मध्ये पिझ्झा-बर्गरवर १४.५ टक्के ‘फॅट टॅक्स’ लावला, तोही फक्त ब्रँडेड रेस्टॉरंटांपुरता. गाडीवरचा तळलेला मैदा त्यातून सुटला. वर्षभरात जीएसटी आला आणि हा कर संपला.

गुंता आहे तो शीतपेयांचा. जुलै २०१४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात साखर घातलेल्या ‘एरेटेड वॉटर’वर, म्हणजे वायू भरलेल्या कोलासारख्या पेयांवर, ५ टक्के जादा अबकारी शुल्क लागले. पुढच्याच वर्षी ते मूळ शुल्कात मिसळून दर १२वरून १८ टक्के झाला. डिसेंबर २०१५मध्ये जीएसटीचे दर सुचवणाऱ्या एका समितीने या पेयांना तंबाखू आणि पानमसाल्याच्या पंगतीत बसवून ४० टक्के सुचवले. जीएसटीत ते २८ अधिक १२ टक्के उपकर असे उतरले. हा उपकर राज्यांच्या महसुली भरपाईसाठी होता, आरोग्यासाठी नव्हे.

या दरात साखर किती, हा प्रश्नच नाही. गोडी कशानेही आणलेली असो, साखर नसलेल्या डाएट कोलालाही तेवढाच कर. आंब्याच्या गोड पेयाला मात्र सप्टेंबर २०२५पर्यंत १२ टक्के होता. फळांच्या रसात वायू भरला तर काय, यावर वाद झाले आणि ऑक्टोबर २०२१पासून तेही २८ अधिक १२मध्ये गेले. म्हणजे निकाल बुडबुड्यांनी लावला. ब्रिटनने एप्रिल २०१८पासून १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम साखरेला लिटरमागे १८ पेन्स, ८ ग्रॅम आणि त्यापुढे २४ पेन्स असे टप्पे केले. कर सुरू होण्याआधीच कंपन्यांनी साखर उतरवली. आपल्या उत्पादकाला साखर कमी करून करात एक पैसाही वाचत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

जानेवारी २०२५च्या आर्थिक पाहणीने अतिप्रक्रियायुक्त खाद्यपदार्थांवर जादा ‘आरोग्य कर’ सुचवला होता. त्याच वर्षी २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर आले : कोला ४० टक्क्यांवर तसाच, फळांच्या रसाची बिनवायूची पेये ५ टक्क्यांवर, आणि बिस्किटे, चॉकलेट, पाकीटबंद फरसाणही ५ टक्क्यांवर.