बुद्ध्यांक ९७: उरलेले तीन गुण कुठे गेले?

शाळेच्या मानसशास्त्रज्ञांचा अहवाल हाती आला की पालकांची नजर आधी एकच आकडा शोधते. घोडबंदर रोडला राहणाऱ्या ओळखीच्या एका बाईंनी मला काळजीनं विचारलं, "बुद्ध्यांक ९७ आलाय. तीन गुण कशात गेले?" बुद्ध्यांक शंभरपैकी नसतोच, आणि हे चाचणीच्या आधी घरच्यांना कुणीतरी सांगायला हवं.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी चाचणी तयार केली ती शिकताना जादा मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे.

वेक्स्लर पद्धतीच्या (मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्स्लर यांनी आखलेल्या) चाचण्यांत बुद्ध्यांकाचा आकडा कसा निघतो ते पाहण्यासारखं आहे. समजा, आठ वर्षांच्या मुलाला ५-२-९-४ ऐकवले आणि उलट क्रमानं म्हणायला सांगितले. त्याला ते आकडे मनात धरून ठेवत फिरवावे लागतात; ही कार्यकारी स्मृतीची (वर्किंग मेमरीची) परीक्षा. अशा अनेक उपचाचण्यांत मिळतात ते कच्चे गुण, आणि त्यांना एकट्यानं काहीच अर्थ नसतो. तीच चाचणी आधी त्या वयाच्या पुष्कळ मुलांना दिलेली असते. त्यांची सरासरी म्हणजे १०० आणि एक प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) म्हणजे १५, असं ठरवलेलं आहे. म्हणून सुमारे ६८ टक्के मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. ९७ म्हणजे सरासरीच्या ०.२ प्रमाण विचलन खाली, म्हणजे समवयस्क शंभरात साधारण ४२ मुलं याच्या मागे.

शिवाय प्रत्येक मोजमापात चूक असतेच. चाचणीची विश्वसनीयता (गुण किती भरवशाचे, १ म्हणजे पूर्ण) ०.९५ धरली तर मोजमापाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, १५ गुणिले ०.०५ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.४. तिची जवळपास दुप्पट दोन्ही बाजूंना धरली की ९७ चा खरा अर्थ होतो: ९५ टक्के खात्रीनं ९० ते १०४ च्या दरम्यान. म्हणजे ९७ आणि १०१ मिळवणाऱ्या दोन भावंडांत तुलना करणं निरर्थक आहे. चांगल्या अहवालात हा पट्टा छापलेला असतो. नसेल तर मागून घ्या.

बोटांचे ठसे घेऊन 'जन्मजात बुद्धिमत्ता' सांगणाऱ्या डीएमआयटीच्या जाहिराती मात्र सरळ नाकाराव्यात. बोटांवरच्या रेषा गर्भातच पक्क्या होतात. त्यांवरून मुलाची बुद्धी किंवा करिअर कळतं याला वैज्ञानिक पुरावा नाही. हे हस्तरेषांचंच महागडं रूप आहे.

खरं मूल्यमापन चाचणीच्या टेबलापुरतं नसतं. मानसशास्त्रज्ञ पालकांशी आणि वर्गशिक्षिकांशी बोलतात, वह्या पाहतात, मुलाला वर्गात पाहतात, वाचन-लेखन-गणित वेगळं तपासतात. त्याआधी डोळे आणि कान तपासून घेणं आवश्यक, कारण फळा न दिसणारं मूलही 'लक्ष नसलेलं' वाटतं.

भाषेचं तर फारच महत्त्व आहे. ऐरोलीतल्या घरात मराठी बोलणाऱ्या, इंग्रजी माध्यमात नुकत्याच गेलेल्या मुलीला शब्दसंग्रहाचे प्रश्न इंग्रजीत विचारले, तर मोजली जाते मुख्यतः तिची इंग्रजी. अध्ययन अक्षमतेचं निदान करताना हा गोंधळ तिला चुकीचा शिक्का देऊ शकतो. त्यामुळे चाचणी कोणत्या भाषेत झाली आणि नॉर्म्स (तुलनेसाठी धरलेली सरासरी) कोणत्या मुलांवर, कधी बसवले, हे दोन प्रश्न पालकांनी अहवाल घेतानाच विचारावेत.