निशा म्हणजे हळद

जखमेवर ‘निशा’ लावा असं जुन्या वैद्यकग्रंथात म्हटलं असेल, तर तिथे रात्रीचा काही संबंध नसतो. निशा म्हणजे हळद. रजनी म्हणजेही हळदच. आणि ‘निशाद्वय’ आलं की हळदीच्या जोडीला दारुहळद, जी नावापुरतीच हळद. प्रत्यक्षात ते वेगळ्याच कुळातलं काटेरी झुडूप. हे सगळं अमेरिकेतल्या पेटंट परीक्षकाला कुठून कळणार?

कळलं नाहीच. १९९५ मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट तिथे मंजूर झालं. बोट कापलं की हळदीच्या डब्याकडे धावणाऱ्या आपल्याला ते हास्यास्पद वाटलं. पण ‘आमच्या आजीला माहीत होतं’ हा तिथे पुरावा होत नाही, लेखी आधार लागतो. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक शोधनिबंध पुढे केला गेला आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

पण दर वेळी किती भांडणार? म्हणून २००१ पासून ‘पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालय’ उभं राहू लागलं. पोथ्यांची पानं स्कॅन करून ठेवणं हे त्यातलं सोपं काम. खरी करामत वर्गीकरणाची. जाणकार श्लोक वाचून वनस्पती, तिचा भाग, कृती, रोग असे घटक सुटे करतात आणि प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक देतात. ‘निशा’चा गोंधळ इथेच मिटतो. पुढे संगणक तीच नोंद इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानीत मांडतो. क्रमांकांची रचना पेटंट कार्यालयांच्या पद्धतीशी जुळवलेली असल्याने परीक्षकाला ती त्याच्या नेहमीच्या खणात सापडते. ज्ञान नुसतं असून भागत नाही, शोधणाऱ्याच्या हाताला लागावं लागतं.

हे झालं ग्रंथातल्या ज्ञानाचं. जे कधी लिहिलंच गेलं नाही, त्यासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या आल्या, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीची आणि तिच्याविषयीच्या स्थानिक माहितीची नोंद. त्यांत अडचण दुहेरी: नोंद उघडी ठेवली तर कुणीही उचलावी, कुलपात ठेवली तर गावालाही परकी. शिवाय तक्त्याच्या रकान्यात सगळं मावत नाही. पहिल्या पावसाच्या सुमाराला ठाणे-रायगडकडे आदिवासी बाया शेवळं ही रानभाजी विकायला बसतात. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. भाजी नुसतीच शिजवली तर घसा खाजतो. म्हणून सोबत काकडाची आंबट फळं घालायची. नोंदवहीत ‘शेवळं – खाद्य’ एवढंच लिहिलं, तर ती नोंद चूक म्हणता येणार नाही. फक्त तिच्या भरवशावर भाजी करू नये. विकणारी बाई मात्र जुडीबरोबर चार काकडं न मागता देते.