दर श्रावणात दारू सोडणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी

आपल्या नाशिकमध्ये गटारी झाली की बरेच जण महिनाभर दारूला हात लावत नाहीत, काही जण तर तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला जाऊन ब्रह्मगिरीची फेरी पण करतात, आणि मला हे मनापासून आवडतं कारण निदान महिनाभर तरी लिव्हरला आराम मिळतो आणि घरात शांतता असते. पण जो माणूस रोज भरपूर पितो, सकाळी हात थरथरतात म्हणून थोडी घेतल्याशिवाय ज्याचा दिवसच सुरू होत नाही, त्याने अमावस्येला शेवटची घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद केली तर पुढचे तीन-चार दिवस त्याच्या जिवाला खरोखर धोका असतो. हे घरोघरी माहीत असायला पाहिजे.

होतं असं की मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं आणि ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू गाबाचा जोर वाढवते, ग्लुटामेटचा दाबते, म्हणून पिल्यावर सैल वाटतं. रोजच असं व्हायला लागलं की मेंदू गाबाला दाद देणं कमी करतो आणि ग्लुटामेट पकडणारे रिसेप्टर वाढवतो, म्हणजे अंगात दारू असतानाच आपलं काम नीट चालेल अशी सोय करून घेतो. रस्सीखेचीत एका बाजूने अचानक दोर सोडला की दुसरी बाजू कशी पाठीवर आपटते, तसंच इथे होतं. दारू गेली, पण तिच्याविरुद्ध लावलेला जोर तसाच राहिला.

म्हणून शेवटच्या घोटानंतर साधारण सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम, धडधड, मळमळ, झोप तर नाहीच. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दोन ते चार दिवसांच्या मध्ये काही जणांना डिलिरियम ट्रेमेन्स होतो, माणूस घरच्यांना ओळखत नाही, भिंतीवर किडे दिसतात, हवेत काहीतरी पकडत बसतो, ताप चढतो, बीपी वाढतं. घरच्यांना वाटतं बाधा झाली, मग अंगारा, उतारा, आणि यात जे तास जातात तेच नेमके उपचाराचे असतात. उपचार नसताना यात ३५ टक्क्यांपर्यंत लोक दगावत, आता वेळेवर नेलं तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दारूची दुकानं एकदम बंद झाली तेव्हा बंगळुरूच्या हॉस्पिटलमध्ये असे पेशंट वाढले होते.

डॉक्टर यात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी गोळी देतात, ती गाबालाच मदत करते, आणि मग काही दिवसांत डोस उतरवत नेतात. सोबत थायमिन म्हणजे बी१ व्हिटॅमिन. आपल्याकडे अशक्तपणा आला की 'एक सलाईन लावून टाका' म्हणायची सवय आहे, पण रोज पिणाऱ्याच्या अंगात बी१ आधीच संपत आलेलं असतं आणि थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून कुठेही नेलं तरी हा रोज पितो हे आधी सांगायचं.

'दरवर्षी सोडतो, मला काही होत नाही' असं म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. सोडायची, गणपतीनंतर परत धरायची, पुन्हा सोडायची, असं जितक्या वेळा होतं तितका पुढच्या वेळी फिट येण्याचा धोका वाढत जातो असं दिसलंय. मेंदू प्रत्येक वेळी जास्त भडकतो. त्यामुळे मागचा श्रावण सुखरूप गेला यावरून या वर्षीचं काहीच ठरत नाही.

गोळ्यांचंही असंच आहे, आणि ते व्यसन असायलाच पाहिजे असं नाही. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल (म्हणजे शरीरातलंच नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं कमी करतं, मग एकदम बंद केलं तर बीपी पडून माणूस कोसळू शकतो (गुडघेदुखी थांबवणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये पण स्टेरॉइड सापडलेलं आहे, तेव्हा त्या घेणाऱ्यांनी पण जपा). प्रोप्रॅनोलॉल किंवा क्लोनिडिन ही बीपीची औषधं अचानक थांबवली की बीपी, धडधड उलट उसळते. झोपेसाठी मेडिकलमधून आणलेली अल्प्राझोलाम महिनोन्‌महिने घेतली असेल तर ती एकदम सोडल्यानेही दारूसारखीच फिट येऊ शकते.

डिप्रेशनच्या गोळ्या सोडताना चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात करंट गेल्यासारखं होणं हे बऱ्याच जणांना होतं आणि लोक समजतात आजार परत आला. पॅरोक्सेटिन शरीरातून लवकर जाते म्हणून तिच्यात त्रास जास्त, फ्लुओक्सेटिन आठवडे रेंगाळते म्हणून कमी. आणि गोळी अर्धी केली म्हणजे परिणाम अर्धा झाला असं होत नाही. सिटालोप्रॅम या डिप्रेशनच्याच औषधाची २० मिलिग्रॅमची गोळी सेरोटोनिन (मेंदूतलं मनःस्थितीशी संबंधित रसायन) परत ओढणाऱ्या सुमारे ८० टक्के जागा अडवते, ९ मिलिग्रॅमवर आल्यावरही ७० टक्के अडलेल्याच असतात, ४० टक्क्यांवर यायचं तर सव्वादोन मिलिग्रॅमपर्यंत उतरावं लागतं. म्हणजे खरा उतार शेवटी असतो, तिथेच सगळ्यात हळू जायचं, आणि आपण नेमकं तिथेच 'आता राहिलीच किती' म्हणून गोळी टाकून देतो.

चहा आणि तंबाखूत एवढी भीती नाही. हरतालिकेच्या निर्जळी उपवासात संध्याकाळी डोकं ठणकतं त्यात भूक-तहान आहेच पण न मिळालेलं कॅफिनही आहे, आठवडाभरात ते जातं. तंबाखू, मिश्रीची तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात वाईट असते, तीन-चार आठवड्यांत बरीच उतरते, ती एकदम सोडली तरी चालते, सोडाच.

दारू मात्र सोडायच्या आधी डॉक्टरांना भेटा, आणि आकडा खरा सांगा. रोज दोन क्वार्टर असेल तर दोनच सांगा, 'कधीतरी घेतो' म्हणू नका, कारण गोळीचा डोस त्यावर ठरतो. शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, हे घरच्यांना पण माहीत असू द्या. कुणाला विचारावं कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि टेली मानसचा १४४१६ हे दोन्ही सरकारी नंबर आहेत, फोन फुकट लागतो. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर फोनवर वेळ न घालवता १०८ ला बोलवा किंवा सरळ सिव्हिलला न्या.