रजिस्टरमधल्या आकड्याचा अर्थ: कारखान्यांतल्या ऑन्टॉलॉजीची पार्श्वभूमी

पीएलसी म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक. त्याच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा साठवायच्या कप्प्यात, ३२५ हा आकडा आहे. तो ३२.५ अंश सेल्सिअस असेल, मिनिटाला ३२५ फेरे असतील, किंवा दोन रजिस्टरांत मिळून साठवलेल्या संख्येचा अर्धा तुकडाही असेल. रजिस्टर काहीच सांगत नाही. खुलासा असतो टॅग लिस्टच्या (कोणत्या मोजमापाला काय नाव, त्या यादीच्या) एक्सेलमध्ये, आणि तिची ताजी प्रत बहुधा प्लांट सुरू करून देऊन निघून गेलेल्या इंजिनिअरकडे असते. हा अर्थ यंत्रालाही कळेल असा लिहून ठेवणं, हे ऑन्टॉलॉजीचं काम.

आकडा एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे, याची सुरुवात १९६८ पासूनची. गाडीचं मॉडेल बदललं की यंत्रं चालवणाऱ्या रिले पॅनेलचं (विजेच्या स्विचांच्या फळीचं) वायरिंग नव्याने करायचं, या कटकटीला कंटाळून जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने पर्याय मागितला. डिक मोर्ले यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने ‘मॉडिकॉन ०८४’ हा पीएलसी बनवला (कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ०८४). पुढे १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने मॉडबस आणला, म्हणजे पीएलसीशी तारेवरून आकड्यांची देवाणघेवाण करायची पद्धत. सोळा-सोळा बिटांची रजिस्टरं आणि त्यांचे क्रमांक, बस्स. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं रजिस्टर तारेवर शून्य क्रमांकाने जातं. त्या एकाच्या फरकाने शेजारचं रीडिंग उचललं गेल्याचे किस्से या धंद्यात कुणालाही विचारा. पण साधेपणामुळेच मॉडबस आजही टिकून आहे.

अर्थ होता तो ड्रॉइंगवर. ‘टीआयसी-१०१’ वाचलं की इन्स्ट्रुमेंटवाल्याला तापमानाचा इंडिकेटिंग कंट्रोलर कळतो. संगणकाला ती नुसती अक्षरं. १९९६ मध्ये यंत्रांकडून माहिती घेण्यासाठी ओपीसी हे सामाईक मानक आलं आणि प्रत्येक यंत्रासाठी वेगळा ड्रायव्हर लिहिण्याची कटकट बरीच मिटली, पण टॅगला नाव काय द्यायचं हे ज्याचं त्याच्यावरच राहिलं.

ऑन्टॉलॉजी वाढली ती दुसऱ्याच, संगणकशास्त्राच्या अंगणात. एखाद्या क्षेत्रात कोणत्या वस्तू आहेत आणि त्यांची एकमेकींशी नाती काय, हे यंत्राला वाचता येईल असं नेमकं लिहून ठेवणं, अशी तिची कल्पना. स्टॅनफर्डच्या टॉम ग्रुबर यांची १९९३ मधली व्याख्या आजही उद्धृत होते. २००४ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ऑन्टॉलॉजी लिहिण्यासाठी ओडब्ल्यूएल ही भाषा प्रमाण केली. ‘हा ट्रान्समीटर (मोजमाप पाठवणारं उपकरण) या पंपाच्या डिस्चार्जवर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या बाजूला आहे’ एवढं त्यात नोंदवलं की लिहून ठेवलेल्या नियमांवरून पुढचे निष्कर्ष यंत्राला काढता येतात.

तेल आणि रसायन उद्योगाला ही गरज आधीच जाणवली होती. आयएसओ १५९२६ या मानकाच्या दुसऱ्या भागात (२००३) एक बारीक पण फार कामाचा भेद आहे. ‘पी-१०१’ ही प्लांटमधली जागा आहे, तिथे बसवलेला अमुक सिरियल नंबरचा पंप ही वेगळी वस्तू. पंप जळाला, दुसरा बसवला, तरी पी-१०१ तोच राहतो. देखभालीचा इतिहास मात्र जुन्या पंपाबरोबर जायला हवा. हे दोन एकत्र कालवले की ‘पी-१०१ वारंवार बिघडतो’ या वाक्यात दोष पंपाचा की जागेचा, हेच कळत नाही. मानक इतकं काटेकोर की वापरणाऱ्यांची दमछाक झाली, पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

वीज सबस्टेशनांत गाडी जास्त पुढे गेली. आयईसी ६१८५० या मानकात सर्किट ब्रेकर म्हणजे ‘एक्ससीबीआर’, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. ऑन्टॉलॉजी हे नाव न लावता काम तेच झालं. सबस्टेशनमध्ये उपकरणांचे प्रकार मोजके आणि टेंडरमध्ये अट घालणारा ग्राहक तगडा. रासायनिक प्लांटच्या बाबतीत दोन्ही गोष्टी कमी पडतात.

२००८ च्या ओपीसी यूएने (ओपीसीच्या पुढच्या पिढीने) माहितीचं मॉडेल थेट सर्व्हरमध्ये ठेवलं. आकड्याबरोबर त्याचं एकक, प्रकार आणि नाती मिळू लागली. तर्काने निष्कर्ष काढणं त्यात नाही, म्हणून ओपीसी यूएची मॉडेल्स ओडब्ल्यूएलमध्ये उतरवण्याचे प्रयोग पुढे सुरू झाले. इमारतींमधल्या वातानुकूलनासारख्या यंत्रणांसाठी २०१६ मध्ये ‘ब्रिक’ ही ऑन्टॉलॉजी आली.

नव्या प्लांटसाठी हे सगळं व्हेंडरकडून मागून घेता येतं. जुन्या प्लांटमध्ये हजारो टॅग, तीन पिढ्यांच्या नावं ठेवण्याच्या सवयी, आणि ते जुळवण्यासाठी बजेटमध्ये वेगळा रकाना नाही. त्यामुळे टॅगच्या नावांवरून उपकरण ओळखण्याचं काम यंत्राकडूनच करून घ्यायचे प्रयत्न सध्या चालू आहेत. निघालेली यादी तपासायला मात्र प्लांटवरचा माणूसच लागतो.